नेरिनची पहिली कुंडी

नेरिन हे कंदापासून वाढणारं फुलझाड. ते फुलणार आहे हे आधी कळतं ते बोटाला. उन्हाळा सरत आलेला, कुंडी दोन-अडीच महिने कोरडी ठणठणीत, कंदांच्या माना, म्हणजे वरचे निमुळते शेंडे, वाळक्या कागदासारख्या झालेल्या. अशा एखाद्या मानेवर बोट फिरवलं की मधोमध काहीतरी टणक लागतं. वाकून पाहिलं तर तांबूस टोकाची चोच दिसते, गव्हाच्या दाण्याएवढी. पान एकही नसतं. पुढच्या महिना-दीड महिन्यात त्या चोचीचा फूटभर किंवा त्याहून उंच दांडा होतो आणि टोकाला दहा-बारा फुलांचा झुबका उघडतो. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा चुणीदार, पुंकेसर बाहेर झेपावलेले.

हे फूल सकाळच्या तिरप्या उन्हात डोळ्यांजवळ धरून बघा. पाकळीवर कुणी वर्ख कुस्करून टाकलाय असं वाटतं. लाल-केशरी फुलांत ही चमक सोनेरी, गुलाबी-पांढऱ्यांत रुपेरी. प्रत्यक्षात पूड वगैरे काही नसते. पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी फुगीर असतात आणि त्या उजेड परतवतात. दहापट भिंग लावलं तर एकेक ठिणगी सुटी दिसते. लोक नेरिन गोळा करायच्या नादी लागतात ते रंगांपेक्षा या चमकेमुळे, असं माझं मत आहे.

वाढवायला हा कंद अवघड नाही. फक्त तो लाडाने मरतो. माझे पहिले तीन कंद मी असेच घालवले. पानं पिवळी पडू लागली म्हणून पाणी वाढवलं, आणखी पिवळी पडली म्हणून खत दिलं, आणि महिन्याभराने कंद दाबून पाहिला तर पिकलेल्या फळासारखा मऊ. तो आजारी नव्हताच, त्याची झोपायची वेळ झाली होती. या लेखात पुढे जे काही आहे ते बरंचसं या एकाच गोष्टीभोवती फिरतं: आपला कंद कधी जागा असतो आणि कधी झोपतो.

आधी झोप ओळखा

नेरिन मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली. जाती पंचवीसच्या आसपास. त्या प्रदेशात पश्चिमेकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, पूर्वेकडे उन्हाळ्यात. कंदाने आपापल्या पावसाप्रमाणे सवयी लावून घेतल्या, आणि कुंडीत आल्यावरही त्या तो सोडत नाही. म्हणून विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: याची पानं कोणत्या ऋतूत असतात?

पहिला गट हिवाळ्यात वाढणारा. यातली मुख्य जात सार्निएन्सिस, केप टाउनच्या टेबल माउंटनवर आणि आसपासच्या डोंगरांत उगवणारी. शरदात आधी फूल, मग पान, हिवाळाभर हिरवी, वसंत सरताना पानं पिवळी, आणि उन्हाळाभर गाढ झोप. सगळ्यात भडक लाल, शेंदरी रंग आणि सोनेरी चमक या गटात.

दुसरा गट उन्हाळ्यात वाढणारा. इथली राणी बोडेनिआय, ईस्टर्न केप आणि ड्रॅकेन्सबर्ग भागातली. वसंतात पान, उन्हाळाभर वाढ, शरदात पानं मरू लागताना गुलाबी फूल आणि हिवाळ्यात झोप. नवख्याने सुरुवात हिच्यापासून करावी. चुका पोटात घालणारी जात आहे, निचरा चांगला असेल तर उणे 10 अंशांपर्यंतची थंडीही सोसते.

तिसरा गट जवळपास सदाहरित. फिलिफोलिया, मॅसोनिओरम, अंड्युलाटा. पहिल्या दोघींची पानं गवताच्या काडीसारखी, फुलं लहान आणि नाजूक, पण एका पसरट कुंडीत पंचवीस-तीस दांडे एकदम उभे राहिले की मोठ्या जातींना विसरायला होतं. या गटाला पूर्ण कोरडं कधीच ठेवायचं नाही.

संकरित नेरिन बहुतेक आईबापांपैकी एकाच्या वळणावर जातात. नावगाव नसलेला कंद हाती आला तर वर्षभर फक्त बघा. पानं कधी फुटली आणि कधी पिवळी पडली याची कुंडीवरच्या पट्टीवर नोंद ठेवली की गट कळतो. मी खाली महिने लिहिले आहेत ते उत्तर गोलार्धाचे. दक्षिण गोलार्धात सहा महिने पुढे धरा.

सार्निएन्सिस हे नाव मात्र आफ्रिकेचं नाही. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाचं जुनं लॅटिन नाव सार्निया, त्यावरून ते पडलं. बेटाजवळ जहाज फुटलं, त्यावरचे कंद किनाऱ्याला लागले आणि वाळूत रुजून फुलले, अशी कथा सतराव्या शतकापासून सांगतात. जहाज जपानहून आलेलं म्हणे, त्यामुळे हे फूल जपानी आहे असा समज पुष्कळ काळ टिकला. पुढे टेबल माउंटनवर ते रानात सापडलं तेव्हा गोंधळ मिटला. बोडेनिआयची गोष्ट साधी आहे. अ‍ॅथेलस्टन कॉर्निश-बोडेन या भूमापकाने ईस्टर्न केपमधून इंग्लंडात आपल्या आईला कंद पाठवले, आणि 1904 मध्ये त्या जातीला त्याचं नाव मिळालं. नेरिन हे नाव 1820 चं, वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट यांनी ग्रीक पुराणातल्या सागरकन्यांवरून ठेवलेलं.

कंद निवडताना

कंद मुठीत धरून हलकेच दाबा. घट्ट लागला पाहिजे. मऊ जागा, बुडाशी ओलसर डाग किंवा आंबूस वास असला की परत ठेवा. मग मानेजवळचे पापुद्रे किंचित बाजूला करून आत पांढरा कापूस दिसतो का पाहा. तो पिठ्या ढेकूण. एका कंदाबरोबर घरात आला की वर्षभरात सगळ्या कुंड्यांत पोचतो.

पापुद्रा फाडताना एक गंमत बघा. वाळकी साल दोन बाजूंना हळूच ओढली की मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक रेशमी धागे ताणले जातात. नेरिन आणि तिच्या आफ्रिकी नातलगांची ही खूण आहे. कंद दिसायला छोट्या कांद्यासारखा असतो, आणि इथेच एक सूचना: सगळं झाड विषारी आहे, त्यात लायकोरिनसारखी द्रव्यं असतात. पोटात गेल्यास उलट्या होतात. म्हणून कंद स्वयंपाकघरात, कांद्यालसणाजवळ वाळत घालू नका, लहान मुलं आणि पाळीव जनावरं यांच्यापासून लांब ठेवा. कापाकापी करताना हातमोजे घाला.

बोडेनिआयचे कंद घेरावर विकतात. 12 ते 14 सेंटिमीटर घेराचा कंद बहुधा लगेच फुलतो. लहान घेतला तर स्वस्त पडतो, पण दोन वर्षं पानंच बघावी लागतात. सार्निएन्सिसचे कंद जात्याच लहान असतात, तिथे आकारापेक्षा घट्टपणा पाहा. मुळं असलेला कंद मिळाला तर उत्तम. नेरिनची मांसल मुळं वर्षानुवर्षं टिकतात आणि ती कापून, वाळवून, पिशवीत भरून विकलेला कंद पहिलं वर्ष नुसता सावरण्यात घालवतो.

लाल फुलांची लायकोरिस कधीकधी नेरिन म्हणून हातात पडते. फुलावरून पटकन कळत नाही. दोन खुणा लक्षात ठेवा: लाल लायकोरिसच्या पानावर मधोमध फिकट पट्टा असतो, आणि लायकोरिसचं बी काळं, टणक असतं. नेरिनचं बी हिरवट, रसाळ मण्यासारखं.

माती आणि कुंडी

इथे कंजूषपणा कामाला येतो. भरपूर शेणखत, गांडूळखत घातलेली काळी सुपीक माती नेरिनला नको. मी दोन भाग भरड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग पर्लाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे) आणि एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत असं मिसळतो. मूठभर ओलं मिश्रण आवळून सोडलं की ते लगेच फुटलं पाहिजे. लाडू वळला जात असेल तर आणखी वाळू घाला. वाळू समुद्राची नको, आणि अगदी बारीक तर नकोच, ती पाणी अडवते.

कुंडी लहान घ्या. सार्निएन्सिसच्या एका कंदाला 8-9 सेंटिमीटरची, तीन कंदांना 13 सेंटिमीटरची पुरते. कंद एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला जवळजवळ टेकलेले असले तरी चालतं, उलट बरं. मोठ्या कुंडीत रिकामी माती ओली राहते आणि मुळं सडतात. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लास्टिकची हळू. कोणतीही चालेल, पण सगळ्या एकाच प्रकारच्या ठेवा. नाहीतर पाणी देताना अंदाज चुकत राहतो.

लावणी

वाढ सुरू होण्याच्या थोडं आधी लावायचं. सार्निएन्सिस ऑगस्टमध्ये, बोडेनिआय मार्च-एप्रिलमध्ये. कुंडीच्या तळाच्या भोकावर जाळीचा तुकडा, त्यावर अर्धी कुंडी मिश्रण, मुळं असतील तर ती न मोडता पसरून कंद ठेवायचा आणि कडेने मिश्रण सोडत जायचं. मान पूर्ण उघडी राहिली पाहिजे. सार्निएन्सिसचा तर वरचा तिसरा भाग बाहेर ठेवतो मी. वर बोटाच्या पेराएवढा खडीचा थर दिला की मान कोरडी राहते आणि पाणी घालताना माती उडत नाही.

बोडेनिआय जमिनीत लावायची असेल तर भरपूर उन्हाची, थोडी उंच, शक्यतो भिंतीच्या पायथ्याची जागा निवडा. दोन कंदांत वीतभर अंतर ठेवा. जिथे माती गोठते तिथे मानेवर 5 सेंटिमीटर माती येऊ द्या. इतर ठिकाणी मान जमिनीलगत.

आणि मग पाच वर्षं हात लावू नका. हे वाक्य मी जाड अक्षरात लिहायला हवं होतं. दरवर्षी कुंडी बदलणाऱ्या माणसाची नेरिन फुलत नाही.

सार्निएन्सिसचं वर्ष

ऑगस्ट उजाडला की दर दोन-तीन दिवसांनी माना तपासायच्या. चोच दिसलेल्या कुंडीला पहिलं पाणी द्यायचं, तळातून निथळेपर्यंत. शेजारच्या कुंडीत चोच नसेल तर तिला थांबवायचं. हे अवघड जातं, कारण हात आपोआप सगळ्यांना पाणी घालत सुटतो. चोच न आलेल्या कंदाला लवकर पाणी मिळालं तर तो फुलाऐवजी पानं काढून मोकळा होतो. सप्टेंबर संपेपर्यंत वाट बघा. तेव्हाही चोच नसेल तर या वर्षी फूल नाही असं धरून त्यालाही पाणी सुरू करा. पानं तरी वेळेवर आली पाहिजेत.

चोच फुलाची की पानाची, हा नवख्यांना पडणारा प्रश्न. दोन बोटांत धरून बघा. पानाचं टोक चपटं असतं, जिभेसारखं. फुलाची चोच जाड, भरीव, बहुधा तांबूस, भाल्याच्या टोकासारखी.

दांडा वाढत असताना माती सुकू लागली की पाणी द्या. कुंडी उचलून पाहण्याची सवय लावा. ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला पाठ होतो. दांडे उजेडाकडे झुकतात म्हणून कुंडी रोज थोडी फिरवा. फुलं उघडली की कडक दुपारच्या उन्हातून हलवली तर जास्त टिकतात. दांडा कापून फुलदाणीत ठेवला तरी फुलं दहा-बारा दिवस सहज राहतात आणि कंदाचं काही बिघडत नाही.

फुलं गेली की बहुतेक जण या कुंडीकडे पाठ फिरवतात. खरं काम तेव्हा सुरू होतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा पानांचा काळ. मिळेल तितकं ऊन द्या, वारा खेळता ठेवा, रात्री 5 ते 10 अंशांचा गारवा सगळ्यात मानवतो, पण दंव लागू देऊ नका. उजेड कमी पडला तर पानं लांबट, लुळी होऊन कुंडीबाहेर लोळतात. पाणी नियमित, पण दर वेळी वरचा थर सुकल्यावरच. खत म्हणाल तर पोटॅश जास्त आणि नत्र कमी असलेलं द्रवखत, पुडीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या ताकदीचं, तीन आठवड्यांतून एकदा. फेब्रुवारीनंतर तेही बंद.

या पानांची एवढी काळजी का, ते मला एका सडक्या कंदाने दाखवलं. बुडाशी मऊ झालेला एक कंद टाकून देण्याआधी मी उभा चिरला. वरचा अर्धा भाग निरोगी होता. पांढऱ्या पापुद्र्यांच्या मध्ये, त्या वर्षीच्या वाळलेल्या दांड्याच्या शेजारी, मोहरीएवढी एक कळी झोपलेली होती. भिंगाखाली तिच्यात फुलांचे कोंब वेगळे ओळखू येत होते. पुढच्या शरदातलं फूल ते, वर्षभर आधीच तयार होऊन बसलेलं. म्हणजे या हिवाळ्यात पानांनी जे कमावलं त्याचा हिशेब पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या शरदात लागतो. या वर्षी फूल आलं नाही म्हणून या वर्षीच्या खतात चूक शोधणं व्यर्थ.

एप्रिल-मेमध्ये पानांची टोकं पिवळी पडतात. हाच तो क्षण, ज्या वेळी मी माझे तीन कंद घालवले. पिवळं दिसलं की पाणी कमी करायचं आणि निम्म्याहून जास्त पान पिवळं झालं की बंद. हिरवं पान कापायचं नाही, गाठ मारून बांधायचंही नाही. पूर्ण वाळल्यावर ते बोटांनी ओढताच सुटून येतं.

मग झोप. कुंड्या उबदार, उजेडाच्या, पाऊस न लागणाऱ्या जागी. सार्निएन्सिसला उन्हाळ्याची ऊब लागतेच, अंधाऱ्या गार कोपऱ्यात ठेवलेली कुंडी शरदात नुसती पानं दाखवते. जिथे नेमका उन्हाळ्यातच पाऊस कोसळतो तिथे छप्पर नसेल तर ही जात घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो. मुळं अगदी वाळून जाऊ नयेत म्हणून महिन्यातून एकदा कुंडीच्या कडेने दोन-तीन चमचे पाणी सोडतो. मानेवर थेंब पडू देत नाही.

बोडेनिआय आणि सदाहरित जाती

यांचं लवकर आटोपतं. बोडेनिआयला एप्रिल ते ऑगस्ट पाणी आणि ऊन, सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलं, त्यानंतर वसंतापर्यंत जवळपास कोरडं. पानं मेल्यावर ती उचलून टाका, त्यांच्याखाली गोगलगायी हिवाळा काढतात. जमिनीतल्या कंदांवर दुसरी झाडं पसरू देऊ नका; उन्हाळ्यात कंदाच्या खांद्यावर सूर्य पडला पाहिजे. काही वर्षांनी कंदांची दाटी होऊन ते एकमेकांना जमिनीबाहेर ढकलू लागतात. बघणाऱ्याला वाटतं आता वेगळे करायला हवेत. नको, त्या दाटीतच ते सगळ्यात छान फुलतात. फुलं खरोखर कमी व्हायला लागली की मगच खणा.

फिलिफोलिया, मॅसोनिओरम आणि अंड्युलाटाला उन्हाळ्यात सढळ पाणी, हिवाळ्यात ओल जेमतेम टिकेल एवढं. बस्स.

फूल आलं नाही

कंद लहान आहे का? मागच्या हंगामात सावली होती का? कुंडी बदलली होती का? नत्राचं खत पडलं का? हिरवळीसाठी वापरायचं खत चुकून नेरिनला गेलं की पानं हातभर लांब, गडद, तुकतुकीत होतात आणि फुलाचा पत्ता नाही. झोपेत पाणी लागलं का? ऊब मिळाली का? बहुतेक वेळा उत्तर यातच सापडतं. सगळं ठीक असूनही एखादा कंद रुसतो. काही संकरित जाती तर एक वर्षाआड फुलतात असा माझा अनुभव आहे. तेव्हा कुंडी सरकवून ठेवा आणि नेहमीसारखं पाणी देत राहा.

कीड आणि रोग

पिठ्या ढेकणाबद्दल वर लिहिलंच. तो पानांच्या बुडाशी, मानेच्या घडीत लपतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक घडी पुसून काढा, दर आठवड्याला, महिनाभर. वाळकी साल सोलून टाकली तर त्याला लपायला जागा राहत नाही. गोगलगायी कोवळी चोच एका रात्रीत खातात, म्हणून फुलाच्या हंगामात रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. काही देशांत नार्सिससची माशी मानेजवळ अंडं घालते आणि तिची अळी कंद आतून पोखरते. बाहेरून काही दिसत नाही, फक्त कंद दाबला तर पोकळ लागतो. असा कंद कुंडीसकट बाहेर काढा.

पानांवर तांबडे चट्टे आले तर बुरशी. ती पानं कापा, पाणी वरून शिंपडणं थांबवा, वारा वाढवा. पानांवर लांब पिवळसर रेघा, फुलात रंग फुटल्यासारखे डाग, आणि दरवर्षी झाड थोडं खुजं होत जाणं हे मात्र विषाणूचं लक्षण. त्यावर औषध नाही. कितीही आवडती असो, जाळून टाका. एका झाडावर चालवलेली सुरी दुसऱ्यावर वापरण्याआधी आचेवर धरायची सवय यासाठीच.

एकाचे अनेक

सोपा रस्ता पिल्लांचा. पाच वर्षांनी कुंडी बदलताना मोठ्या कंदाला चिकटलेली पिल्लं बोटांनी हलकेच सुटी करा. स्वतःची मुळं नसलेलं पिल्लू ओढून काढू नका. पिल्लू हुबेहूब आईसारखं निघतं. कंदाच्या फाका करून, प्रत्येकीला बुडख्याचा तुकडा ठेवून, ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणाऱ्या हलक्या खनिजात) नवे कंद उठवायचीही पद्धत आहे. पण ती कंद बळी द्यायची तयारी आणि स्वच्छ हात असलेल्यांसाठी. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

बियांची वाट लांबची आहे आणि सगळ्यात आनंदाची. नेरिनच्या फुलात परागकण आधी पिकतात, कुक्षी काही दिवसांनी. पुंकेसर सुकल्यावर कुक्षीचं टोक तीन फाट्यांत उघडतं आणि चिकट होतं, तेव्हा दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने लावायचे. दांड्याला दोरा बांधून त्यावर दोन्ही झाडांची नावं लिहा. दीड-दोन महिन्यांत फळाचं पातळ कवच फुटतं आणि आतून वाटाण्यापेक्षा लहान, हिरवे किंवा वाइनच्या रंगाचे मणी दिसतात. हे बी साठवता येत नाही. ते वाळवून पाकिटात ठेवलंत तर मेलं. उलट ते इतकं उतावळं असतं की कधी दांड्यावर असतानाच त्याला मूळ फुटतं.

पसरट कुंडीत वाळूचं मिश्रण ओलं करून त्यावर बी नुसतं ठेवायचं, अर्धं रुतेल इतकं दाबायचं, झाकायचं नाही. काही आठवड्यांत मण्यातून पांढरं मूळ निघून वाळूत शिरतं, त्याच्या टोकाशी मातीखाली इवलासा कंद तयार होतो आणि मग एकच पान वर येतं, गवताच्या पात्याएवढं. मणी सुरकुतत जातो. पहिल्या उन्हाळ्यात या बाळांना पक्कं कोरडं करू नका. पान हिरवं असेपर्यंत थोडं पाणी देत राहा. तीन ते पाच वर्षांत फूल येतं, आणि ते कुणासारखंही नसतं. दहा रोपांतली नऊ साधी निघतात. ती ठेवायचा मोह आवरणं हे या छंदातलं सगळ्यात कठीण काम, मला अजून जमलेलं नाही.

संग्रह करायचा असेल तर

सुरुवात पाच-सहा कंदांनी करा, पन्नासांनी नाही. बोडेनिआयमधून गडद दांड्याची मार्क फेनविक आणि मोठ्या गुच्छाची झील जायंट, सार्निएन्सिसमधून शेंदरी कोरुस्का मेजर आणि पांढरी ब्लांशफ्लर, जोडीला एक फिलिफोलिया. एवढ्यात तिन्ही गटांची सवय होते. पुढे जाऊन बेलाडोना लिली आणि बोडेनिआयच्या संकरातून झालेल्या अमरिनही मिळवता येतात. रानातून खणून आणलेले कंद घेऊ नका. मॅसोनिओरमसारख्या जाती आपल्या मूळ जागी फार थोड्या उरल्या आहेत, आणि बागेत वाढवलेले कंद मिळत असताना तसं करायचं कारणही नाही. परदेशातून मागवणार असाल तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्या देशाचे आयातीचे नियम आधी बघा.

नाव हरवलेली नेरिन संग्रहाच्या दृष्टीने निम्मी मेलेली. दोन पट्ट्या लिहा, एक बाहेर खोचलेली आणि एक कुंडीत कंदाशेजारी पुरलेली. शिसपेन्सिलीने लिहा. कायमची म्हणून मिळणारी शाई उन्हात दोन वर्षांत उडते. माझ्या अकरा कुंड्या एका उन्हाळ्यात अशा निनावी झाल्या आणि त्यांतल्या चारांची ओळख अजून पटलेली नाही. वहीत दर कंदापुढे चोच दिसल्याची तारीख, पहिलं फूल, फुलांची संख्या आणि पानं पिवळी पडल्याची तारीख लिहीत जा. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की कुठली कुंडी कधी पाणी मागणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

शेवटचं काम कंद वाटण्याचं. इंग्लंडातल्या एक्सबरी इथे लायनेल डी रॉथशील्ड यांनी नेरिनचा मोठा संग्रह जमवला होता. 1942 मध्ये ते गेले, पुढे कंद विकले गेले आणि त्यांतला महत्त्वाचा भाग स्वित्झर्लंडमध्ये सर पीटर स्मिथर्स यांच्याकडे पोचला. त्यांनी तो वाढवला, नवे संकर केले, आणि बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा एक्सबरीला, त्याच घराण्याकडे आला. आपल्या चार कुंड्यांनाही हाच न्याय लावा. पहिलं पिल्लू सुटलं की नावासकट दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझी ब्लांशफ्लर एका पावसाळी उन्हाळ्यात सडली. चार वर्षांपूर्वी जिला पिल्लू दिलं होतं त्या मैत्रिणीने गेल्या ऑगस्टमध्ये त्याचं पिल्लू आणून दिलं, कुंडीत माझ्याच अक्षरातली पट्टी खोचलेली. परवा त्या कंदाच्या मानेवर बोट फिरवलं. अजून काही लागत नाही.